राम पण तेच, सीता पण तेच: अण्णा साळुंके

(सकाळची वेळ, कस्तुरचंद पार्कच्या बाजूला, मागं तर्री-पोह्यांचा ठेला)

काय म्हणता नागपूरकर! आज शूट ठेल्याजवळ काहून, ते सांगतो. मागं त्या भाऊचे हात बघा, एका हातानं पोहे, दुसऱ्यानं तर्री, अन् प्लेटीबाहेर एक थेंब नाही. असेच एका हॉटेलात काम करणाऱ्या माणसाचे हात शंभर वर्षांआधी मुंबईत ग्रँट रोडला दादासाहेब फाळक्यांच्या नजरेत भरले. ते अण्णा साळुंके.

'राजा हरिश्चंद्र' सिनेमासाठी राणी तारामती पाहिजे होती अन् एकही बाई तयार होत नव्हती, सिनेमात काम केलं की अब्रू गेली असं लोकं समजायचे, फाळके वेश्यावस्तीत जाऊन विचारून आले, तिथूनही नकारच. मग हा सडपातळ, नाजूक हातांचा पोरगा दिसला. हॉटेलात पगार महिन्याला 10 रुपये. फाळक्यांनी 15 देऊ केले. अन् 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात भारताची पहिली हिरॉईन लोकांनी पाहिली, ती म्हणजे अण्णा!

बहुतेक जण ही गोष्ट इथंच संपवतात, गंमत म्हणून. मला ते पटत नाही. नाटकात बाईचं काम करायचं तर गळा पाहिजे, पदं म्हणता आली पाहिजेत. मूकपटात आवाजच नाही बाप्पा, मग तारामतीचं पोरगा गेल्याचं दुःख दाखवायचं कशानं? चेहऱ्यानं अन् हातानं, बस्स.

अन् 1917 चा 'लंका दहन'! त्यात राम पण अण्णा, सीता पण अण्णा. आपल्या सिनेमातला पहिला डबल रोल म्हणतात त्याला. कथेत दोघांची ताटातूट झालेली, म्हणून जमलंही असेल, पण एकाच माणसानं इकडं धनुष्यवाला राम उभा करायचा अन् तिकडं अशोकवनात झुरणारी सीता, हे सोपं आहे का? राम पडद्यावर आला की लोकं चपला काढून बसायचे, असं सांगतात.

पुढं अण्णा कॅमेऱ्यामागं गेले, सिनेमॅटोग्राफर झाले. हॉटेलातला पोरगा, कॅमेरा शिकला! मला सगळ्यात भारी हेच वाटते.

'राजा हरिश्चंद्र'चा उरलेला भाग ऑनलाईन आहे. आज रात्री लावा, साउंड बंद ठेवा, अन् तारामती आली की फक्त तिचे हात बघा.