पत्ता ठाऊक होता, कलम सापडत नव्हतं

[दृश्य: मार्बेयाचा किनारा, नंतर पांढऱ्या महालाचं फाटक]

दक्षिण स्पेनमधलं मार्बेया. इथल्या 'मिफादिल' नावाच्या महालात मोन्झेर अल-कस्सार राहायचा. जन्म सीरियातला, १९४५चा. धंदा शस्त्रांचा. वर्तमानपत्रं त्याला 'मार्बेयाचा राजपुत्र' म्हणायची आणि त्याला ते आवडायचंही. तो पत्रकारांना घरी बोलवायचा, फोटो काढू द्यायचा. म्हणजे अमेरिकेच्या गुप्त एजंटांना त्याचा ठावठिकाणा शोधावा लागणारच नव्हता. अख्ख्या गावाला घर माहीत होतं. अडचण होती ती त्याला कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणत्या देशाच्या न्यायालयात उभं करायचं, ही.

एक प्रयत्न आधी होऊन गेला होता. ऑक्टोबर १९८५मध्ये 'आकिले लाउरो' या इटालियन प्रवासी जहाजाचं अपहरण झालं. लिऑन क्लिंगहॉफर या व्हीलचेअरवरच्या अमेरिकन प्रवाशाला गोळी घालून समुद्रात टाकलं गेलं. अपहरणकर्त्यांना मदत केल्याच्या आरोपावरून कस्सारला स्पेनमध्ये १९९२ला अटक झाली, खटला चालला आणि १९९५मध्ये तो निर्दोष सुटला.

[दृश्य: शिक्के मारलेले कागद, टेबलावर पसरलेले]

शस्त्रदलाल सुटतो कसा, हे कळायला आधी एक कागद नीट पाहावा लागतो. त्याचं नाव एंड-युजर सर्टिफिकेट. धंद्यातले लोक नुसतं 'ईयूसी' म्हणतात. खरेदीदार देशाचं संरक्षण खातं यावर लिहून देतं की अमुक इतक्या रायफली, अमुक इतकी काडतुसं आमच्याच सैन्यासाठी आहेत आणि तुमच्या परवानगीशिवाय आम्ही ती तिसऱ्याला देणार नाही. खाली सही, शिक्का, करार क्रमांक. हा कागद हातात आला की विकणारा देश निर्यात परवाना देतो. परवाना असला की माल उघडपणे बंदरात येतो, जहाजात चढतो, विम्यासकट निघतो.

यात गडबड होते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. परवाना देणारा अधिकारी सही करणाऱ्या देशाला फोन करत नाही. मागवलेला माल त्या देशाच्या सैन्याच्या मानानं फार आहे का, हे पाहत नाही. माल पोहोचल्याची पावती मागत नाही. १९९२मध्ये पोलंडमधून निघालेली शस्त्रं कागदावर येमेनला जायची होती, पोहोचली क्रोएशियात. त्या व्यवहारात कस्सारचं नाव पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आलं. मार्च १९९९मध्ये युक्रेनमधून ६८ टन शस्त्रं बुर्किना फासोच्या ईयूसीवर उतरली आणि तिथून लायबेरियाकडे वळवली गेली. हा उद्योग लिओनिद मिनिन या दलालाचा.

मिनिनची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा बेत तिच्यातून समजतो. ऑगस्ट २०००मध्ये इटलीत, मिलानजवळच्या चिनिसेल्लो बाल्सामो गावात, हॉटेलच्या खोलीत पोलिसांनी त्याला कोकेनसह पकडलं. खोलीत सुमारे पाच लाख डॉलरचे हिरे निघाले. त्याहून मोलाची निघाली ती दीड हजाराच्या आसपास पानं: करार, ईयूसीच्या प्रती, पत्रव्यवहार. इतका पुरावा क्वचितच कुणाच्या हाती लागला असेल. अमली पदार्थांसाठी त्याला शिक्षा झाली. शस्त्रांच्या गुन्ह्यात मात्र इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये सांगितलं की शस्त्रं इटलीच्या भूमीवर आलीच नाहीत, तेव्हा हा खटला आमच्या अखत्यारीत बसत नाही. मिनिन सुटला.

दलाल एका देशात बसतो, माल दुसऱ्या देशातून निघतो, कागद तिसऱ्या देशाचा, पैसा चौथ्या देशातल्या बँकेत, लढाई पाचव्या देशात. प्रत्येक देश म्हणतो, गुन्हा आमच्याकडे घडलाच नाही.

[दृश्य: न्यूयॉर्क, मॅनहॅटनमधलं फेडरल न्यायालय]

अमेरिकेनं ही फट आपल्या बाजूनं बुजवली. डिसेंबर २००४मध्ये तिथे नवं कलम आलं. विमानविरोधी क्षेपणास्त्रं मिळवण्याचा, विकण्याचा नुसता कट केला तरी किमान २५ वर्षं, आणि अमेरिकन माणसं निशाण्यावर असतील तर व्यवहार जगाच्या पाठीवर कुठेही झालेला चालेल. दहशतवादी म्हणून जाहीर झालेल्या संघटनेला मदत केल्याचं कलम आधीपासून होतंच. म्हणजे जुने गुन्हे उकरत बसायची गरज उरली नाही. या कलमांत नेमका बसेल असा नवा सौदा त्या माणसासमोर ठेवायचा आणि तो काय बोलतो ते टिपायचं.

काम हाती घेतलं डीईएनं, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यानं. शस्त्रांच्या मागे हे खातं कसं, तर त्याचं उत्तर गिऱ्हाइकाच्या निवडीत आहे. बनावट गिऱ्हाईक ठरलं कोलंबियातली फार्क ही बंडखोर संघटना. फार्क कोकेनवर पोसलेली, म्हणून डीईएचा अधिकार चालतो. ती १९९७पासून अमेरिकेच्या दहशतवादी यादीत होती, म्हणून मदतीचं कलम लागत होतं. कोलंबियात अमेरिकन सैनिक आणि वैमानिक सरकारच्या मदतीला होते, म्हणून हेलिकॉप्टर पाडायला क्षेपणास्त्रं हवीत ही मागणी कुणाला खटकणार नाही. शिवाय कस्सारला स्पॅनिश येत होतं, मधे दुभाषा नको. चारही गोष्टी जुळणारी दुसरी संघटना सापडणं कठीण होतं.

पण कोलंबियन थेट मार्बेयाच्या दारात गेले असते तर पहिल्याच दिवशी बेत फसला असता. या धंद्यात ओळखीशिवाय कुणी पाणीही विचारत नाही. म्हणून सुरुवात झाली लेबनॉनमधून, फेब्रुवारी २००६मध्ये. 'समीर' या नावानं वावरणाऱ्या डीईएच्या पॅलेस्टिनी माणसानं कस्सारचा जुना सहकारी तारेक अल-गाझी याच्याशी ओळख वाढवली. घाई नाही, मागणी नाही. अल-गाझीनं समीरची कस्सारशी गाठ घालून दिली ती डिसेंबरमध्ये. दहा महिने एका ओळखीसाठी गेले. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण कस्सारच्या दृष्टीनं आता गिऱ्हाईक त्याच्याच माणसानं आणलेलं होतं.

फेब्रुवारी २००७मध्ये 'कार्लोस' आणि 'लुईस' महालात पोहोचले. दोघं फार्कची माणसं म्हणून आले होते, खरे डीईएचे खबरे.

[दृश्य: छुप्या कॅमेऱ्यातून दिसतं तसं हलतं चित्र, सोफा, टेबल, हात]

अशा बैठकीत नेमकं काय साधायचं असतं? शस्त्रं विकायला तो तयार आहे, एवढं पुरत नाही. ध्वनिमुद्रणात तीन गोष्टी यायला हव्यात. माल कुणासाठी आहे हे त्याला माहीत असणं. तो अमेरिकनांवर वापरला जाणार हे त्याला माहीत असणं. आणि हे सगळं समजून-उमजून त्यानं होकार देणं. खबऱ्यानं हे सांगायचं, पण त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. खबरा दहा वाक्यं बोलला आणि समोरचा नुसता 'हं' म्हणाला, तर बचाव पक्षाचा वकील तेच 'हं' न्यायालयात दहादा ऐकवतो आणि विचारतो, यात होकार कुठे आहे? म्हणून बोलून थांबायचं. शांतता झाली तरी आपण भरून काढायची नाही.

दुसरी काळजी सापळ्याच्या आरोपाची. सरकारनं फूस लावली आणि माणसाच्या मनात आधी तसं काही नव्हतं, हे सिद्ध झालं तर आरोपी सुटतो. याला उत्तर म्हणजे त्याची तत्परता. किती लवकर हो म्हणाला, न मागता काय देऊ केलं. कस्सारच्या बाबतीत हे उत्तर त्यानंच पुरवलं. फार्कच्या बाजूनं लढायला एक हजार माणसं देतो म्हणाला. सी-४ स्फोटकं आणि ती वापरायला शिकवणारे तज्ज्ञ देतो म्हणाला.

तिसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकन कायद्यात सरकारी माणसाशी केलेला कट हा कटच नसतो. कट ठरायला निदान दोन खरे कटवाले लागतात. म्हणजे कस्सार एकटा कितीही बोलला तरी उपयोग नव्हता. अल-गाझी आणि कस्सारचा माणूस फेलिपे मोरेनो गोदॉय या दोघांपैकी निदान एक जण व्यवहारात असणं आवश्यकच होतं. बैठकांना, फोनवर, ईमेलमध्ये ते असतील अशी काळजी घ्यावी लागते.

उपकरणांचं म्हणाल, तर दोन स्वतंत्र यंत्रं असावीत, कारण एक हमखास दगा देतं. बॅटरी संपते, कपड्याची घासाघीस होते, आवाज बुजतो. बैठक संपल्यावर मुद्रण एजंटाच्या हाती देऊन त्यावर वेळ, तारीख, सही. ही साखळी एका ठिकाणी तुटली की उत्तम पुरावाही संशयात जातो.

[दृश्य: बंदर, क्रेन, लाकडी पेट्या]

मग व्यवहाराचा तपशील. सुमारे १२,००० शस्त्रं, लाखो काडतुसं, रॉकेट लाँचर आणि खांद्यावरून डागायची विमानविरोधी क्षेपणास्त्रं. आता वजन पाहा. कलाश्निकोव्हच्या घराण्यातली रायफल साडेतीन-चार किलोची. सगळी शस्त्रं रायफलीच धरली तर बारा हजार म्हणजे पेट्या सोडून ४५ टनांच्या घरात. ७.६२ मिलिमीटरचं एक काडतूस १६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा लाख काडतुसांचे १६ टन. इल्युशिन-७६सारखं मोठं मालवाहू विमान एका फेरीत ४०-५० टन नेतं. म्हणजे विमानाच्या एका फेरीत हे भागत नाही, जहाज सोयीचं. खरा दलाल हा हिशेब मनातल्या मनात करतो. 

कस्सार आणि मोरेनोनं जहाजाचा आराखडा खबऱ्यांना दिला. माल बल्गेरिया आणि रोमानियातून उचलायचा होता. कागद निकाराग्वाचा, म्हणजे तीच जुनी ईयूसीची युक्ती. फक्त या वेळी कागद गिऱ्हाइकानं आणला होता आणि गिऱ्हाईक डीईए होतं.

इसाराची रक्कम डीईएच्या गुप्त खात्यांतून कस्सारनं दिलेल्या खात्यांत गेली, एकूण चार लाख डॉलरच्या वर. रोख का नाही दिली? रोख दिली की पैसा गेला कुठे हे पुराव्यात आणणं अवघड. बँकेतून गेली की प्रत्येक टप्प्याची नोंद राहते, आणि काळा पैसा फिरवल्याचं वेगळं कलम लागतं. कस्सार आणि मोरेनोवर ते लागलंही.

[दृश्य: माद्रिदचं बाराखास विमानतळ]

अटक कुठे करायची हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न. सीरियात तो गेला असता तर हाती लागला नसता. अमेरिकन एजंटाला परदेशात कुणाला बेड्या घालता येत नाहीत, ते काम तिथल्या पोलिसांचं. म्हणजे असा देश हवा जिथले पोलीस मदत करतील, तोंड बंद ठेवतील आणि ज्याच्याशी प्रत्यार्पण करार आहे. शिवाय सगळ्यांना एकाच वेळी उचलायला हवं, नाहीतर एक फोन गेला की बाकीचे पसार. ७ जून २००७ला कस्सारला माद्रिदच्या विमानतळावर अटक झाली. मोरेनो आणि अल-गाझी रोमानियात पकडले गेले.

स्पेननं त्याला वर्षभरानं, जून २००८मध्ये, अमेरिकेच्या ताब्यात दिलं. कस्सारचा बचाव असा होता की मी स्पॅनिश गुप्तहेर खात्याला माहिती पुरवत होतो, म्हणूनच या लोकांशी बोलत होतो. ज्यूरीला ते पटलं नाही. २० नोव्हेंबर २००८ला तो आणि मोरेनो दोषी ठरले. फेब्रुवारी २००९मध्ये न्यायाधीश जेड रेकॉफ यांनी कस्सारला ३० वर्षं दिली, मोरेनोला २५. अपिलात मुद्दा आला की हे सगळे व्यवहार अमेरिकेबाहेर झाले, तेव्हा अमेरिकेचा संबंध काय? २०११मध्ये अपिलीय न्यायालयानं उत्तर दिलं: निशाण्यावर अमेरिकन होते, तेवढा संबंध पुरतो. मिनिन ज्या फटीतून निसटला, ती कस्सारला मिळाली नाही.

[दृश्य: बँकॉक, रात्रीची सिलोम रोड]

डीईएनं तोच फार्कचा बनाव, 'कार्लोस'सकट, पुन्हा वापरला. या वेळी समोर होता व्हिक्टर बूट. रशियन, स्वतःची मालवाहू विमानं असलेला. अडचण वेगळी: रशिया आपला नागरिक दुसऱ्या देशाला देत नाही, तशी तिथल्या राज्यघटनेतच तरतूद आहे. म्हणून त्याला बाहेर काढणं हेच अर्धं काम. त्याचा जुना सहकारी अँड्र्यू स्मुलियन याच्यामार्फत बोलणी कुरासाव, कोपनहेगन, बुखारेस्ट अशी फिरत राहिली. बूटला बुखारेस्टला आणायचं ठरलं, पण तो पोहोचलाच नाही. व्हिसाचं घोडं अडलं. खबरे हॉटेलात वाट पाहत बसले. मग जागा बदलून बँकॉक केली, कारण रशियन माणसाला थायलंडला जाणं सोपं. ६ मार्च २००८ला सोफिटेल हॉटेलच्या २७व्या मजल्यावर बैठक झाली आणि तिथेच थाई पोलिसांनी त्याला धरलं.

इथे प्रत्यार्पणाला अडीच वर्षं लागली. ऑगस्ट २००९मध्ये थाई न्यायालयानं फार्क ही राजकीय संघटना आहे म्हणत नकार दिला, वर्षभरानं वरच्या न्यायालयानं तो फिरवला. नोव्हेंबर २०१०मध्ये बूट न्यूयॉर्कला आला. स्मुलियन गुन्हा कबूल करून सरकारी साक्षीदार झाला. तो नसता तर कटातला दुसरा माणूस आणायचा कुठून?

५ एप्रिल २०१२ला न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी बूटला कायद्यानं शक्य तितकी कमी, म्हणजे २५ वर्षांची शिक्षा दिली. हा सापळा नसता तर त्यानं हा गुन्हा केला असता याला पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. या पद्धतीवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि तो खुद्द शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांनी घेतलेला आहे.

पुढचं काम गुप्त एजंटांच्या हातात नव्हतं. ८ डिसेंबर २०२२ला अबू धाबीच्या विमानतळावर बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनरच्या बदल्यात अमेरिकेनं बूटला रशियाला परत दिलं. २०२३मध्ये तो उल्यानोव्स्क प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेला.