पुस्तकांचं पाकीट वेगळं बांधा

श्रोतेहो, नमस्कार.

भरतीच्या परीक्षा आटोपल्या की नागपूर-अमरावतीतल्या पोरांच्या खोल्या रिकाम्या होतात आणि पुस्तकांचे गठ्ठे गावाकडे निघतात. थोरल्याचं झालं, आता धाकट्याला. कोणी एसटीत मांडीवर घेऊन येतो, कोणी गावच्या माणसाच्या गळ्यात मारतो. उरलेले कुरिअर करतात. ते बहुतेक वेळा तालुक्यापर्यंत पोचतं आणि फोन येतो, "घेऊन जा." सिरोंचा, एटापल्ली, धारणीकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पोस्टाची पिशवी मात्र गावात येते. म्हणून आज बोलायचं ते पोस्टाबद्दल, तेही खिशाला परवडेल अशा पाठवणीबद्दल.

सगळा खर्च एका गोष्टीवर ठरतो: खोक्यात काय आहे. आपल्याला सवय अशी की खोक्यात जागा दिसली की भरायची. खाली पुस्तकं, वर झाडीपट्टीच्या नाटकांच्या दोन सीड्या, कोपऱ्यात पोराचा व्हिडिओ गेम आणि फटीत चिवड्याची पुडी. खिडकीवर विचारतात, "याच्यात काय हाय भाऊ?" आपण म्हणतो, "असंच सामान हाय जी." झालं! सामान म्हटलं की पार्सल, आणि पुस्तकांची सवलत गेली.

ही सवलत म्हणजे ज्ञान पोस्ट. पूर्वीचं बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. पुस्तकवाल्यांनी बरीच ओरड केली, ती रास्तच होती. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, वर कर. आता तुलना करा. स्पीड पोस्टानं नुसती अर्धा किलोची कागदपत्रं २०० किलोमीटरच्या आत पाठवायची तरी ७० रुपये आणि कर. इकडे पाच किलो पुस्तकं शंभरात! पाकिटाला नंबर मिळतो, कुठवर पोचलं ते कळतं. फक्त ते रस्त्यानं-रेल्वेनं जातं, त्यामुळे घाई असेल तर याच्या नादी लागू नका. परीक्षा पुढच्या आठवड्यात असेल तर स्पीड पोस्टच करा. त्यात विद्यार्थ्यांना दहा टक्के सूट आहे, ती मागून घ्या.

अटी आहेत. आत छापील पुस्तकंच हवीत, अभ्यासाची, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक, आणि पुस्तकावर मुद्रकाचं वा प्रकाशकाचं नाव पाहिजे. नियतकालिकं आणि जाहिरातींचा मजकूर यात बसत नाही. म्हणजे मावशीला दिवाळी अंक पाठवायचे असतील तर ते या पाकिटात घालू नका. "बाबू, नीट अभ्यास कर" अशी चिठ्ठीही आत नको, ती फोनवर सांगा. आणि गावच्या शाखा डाकघरात हे पाकीट घेतात का ते पोस्टमास्तरांना आधी विचारा. नसतील घेत, तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाताना सोबत न्या.

आता सीडी-डीव्हीडी. नुसती तबकडी पंधरा-सोळा ग्रॅमची, पण तिची कडक प्लास्टिकची डबी धरली तर वजन शंभराच्या आसपास जातं. तेव्हा डबी घरीच ठेवा. तबकडी कागदी पाकिटात घाला, दोन्ही बाजूंनी वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे लावा, चिकटपट्टी पुठ्ठ्याला मारा, तबकडीला नाही. डबी तशीही वाटेत तडकतेच.

खेळांचं म्हणाल तर सापशिडी, बुद्धिबळ, पत्ते यांत वजन कमी आणि खोका मोठा. सोंगट्या एका थैलीत घाला, घडीचा पट घडी करून सपाट ठेवा, दुकानातला रंगीत खोका विसरा. कॅरम बोर्ड मात्र पोस्टाच्या भानगडीत पाडू नका, तो एसटीच्या पार्सलनं जाऊ द्या. बॅटरीच्या खेळातले सेल काढून घ्या. विमानानं जाणाऱ्या टपालात लिथियमच्या बॅटऱ्यांवर बंधनं आहेत.

जुनी माणसं अजून खिडकीवर म्हणतात, "रजिस्टर करा." पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात सामावलं गेलंय. ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं असेल तर स्पीड पोस्टावर पाच रुपये आणि कर जास्तीचे भरून ती सोय घेता येते.

पत्त्याबद्दल एक सांगतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्याची रचना केली ती आपल्याच मराठी माणसानं, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. विदर्भाचे पिन ४४० ते ४४५ नं सुरू होतात. पण शेवटचे तीन आकडे पोस्टाचे असतात, गावाचे नव्हे, आणि एकाच पिनवर बरीच गावं असतात. पिंपळगाव तर तालुक्या-तालुक्यात सापडेल. म्हणून गाव, मग पोस्ट, मग तालुका, जिल्हा, पिन, आणि मोबाइल नंबर, सगळं लिहा. पावसाळ्यात पुस्तकं आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग कागद, मग सुतळी. शेवटचा टप्पा दुचाकीवर होतो.

पावती मिळाली की तिथंच तिचा फोटो काढून ज्याला पाठवलं त्याला टाका. त्यावर तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. पाकीट अडकलं तर तो नंबर घेऊन गावातल्या पोस्टात विचारणारा माणूस तोच आहे, तुम्ही नाही.

नमस्कार.