किरणोत्सारी कण जमिनीवर पडले की पुढे काय होतं

नमस्कार श्रोतेहो. अणुभट्टीत अपघात झाला की बातम्यांमधे काय दिसतं, धूर दिसतो, पांढरे सूट घातलेली माणसं दिसतात, बसमधे भरून हलवलेली गावं दिसतात, आणि महिन्याभरात कॅमेरे दुसरीकडे जातात. पण हवेतून जे खाली पडलं ते तिथेच असतं, मातीत, पानांवर, गवतावर, आणि त्याचा पुढचा प्रवास वर्षानुवर्षं चालू राहतो. आज मला त्याबद्दलच बोलायचंय, कारण माझं ठाम मत आहे की "किती पडलं" हा प्रश्न सगळे विचारतात पण "कसल्या मातीवर पडलं" हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि निम्मं उत्तर तिथेच असतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. माती मुळातच थोडी किरणोत्सारी असते, कुठलीही माती घ्या. तिच्यात युरेनियम असतं, थोरियम असतं, पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार असतो ज्याला पोटॅशियम-४० म्हणतात, आणि तो आपल्या शरीरातही आहे, मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ४,००० बेकरेल एवढा. बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एक अणू फुटतो असा हिशोब, म्हणजे तुम्ही हे ऐकताय तेवढ्यात तुमच्या अंगात दर सेकंदाला हजारो अणू फुटतायत आणि तुम्हाला काही होत नाहीये. जगात सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप) डोस मिळतो आणि त्यातला जवळपास निम्मा जमिनीतून वर येणाऱ्या रेडॉन वायूचा असतो. त्यामुळे मीटर वाजला म्हणजे लगेच घाबरायचं असं नाही. कोणता पदार्थ आहे, किती आहे आणि तो कुठे चाललाय हे बघायला लागतं.

अपघातानंतर सगळ्यात आधी त्रास देतं ते आयोडीन-१३१. त्याचं अर्धआयुष्य फक्त ८ दिवस, म्हणजे दर ८ दिवसांनी ते अर्धं होतं आणि दोन-तीन महिन्यांत जवळपास संपतं. ऐकायला बरं वाटतं ना, पण ते गवतावर पडतं, गाय दिवसभर केवढ्यातरी मोठ्या भागातलं गवत खाते, ते दुधात उतरतं, आणि दूध सगळ्यात जास्त कोण पितं तर लहान मुलं, ज्यांची थायरॉईड ग्रंथी छोटी असते आणि आयोडीन अधाशासारखं ओढून घेते. पडल्यापासून मुलाच्या गळ्यापर्यंत जायला त्याला काही दिवस पुरतात. इंग्लंडमधे १९५७ साली विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून दिलं होतं. म्हणजे हे सगळं १९५७ सालीच माहीत होतं! आणि तरी १९८६ मधे युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर बऱ्याच गावांत मुलं तेच दूध पीत राहिली कारण त्यांना वेळेवर कोणी सांगितलंच नाही. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या पट्ट्यात, अपघाताच्या वेळी लहान असलेल्या लोकांमधे थायरॉईड कॅन्सरच्या ६,००० हून जास्त केसेस नोंदल्या गेल्या, त्यातल्या सगळ्या यामुळेच झाल्या असं नाही पण मोठा हिस्सा या दुधातल्या आयोडीनचा होता. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा, कारण हे टाळता येण्यासारखं होतं, काही आठवडे दूध बंद ठेवायचं होतं फक्त.

आता येऊ सीझियम-१३७ कडे. याचं अर्धआयुष्य ३० वर्षं. हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमसारखं वागतं, झाडाला पोटॅशियम हवंच असतं, त्यामुळे मुळं दोघांमधे फारसा भेद करत नाहीत आणि सीझियमही आत घेतात. पण इथेच मातीचा खेळ सुरू होतो. चिकणमातीचे कण म्हणजे अतिशय पातळ थर एकावर एक, पुस्तकाच्या पानांसारखे, आणि सीझियमचा अणू त्या पानांच्या कडेला शिरून असा अडकतो की मग मुळांना तो सहज ओढता येत नाही. म्हणजे चिकणमातीच्या शेतात सीझियम असतं, मीटरवर दिसतं, पण पिकात कमी जातं. याउलट डोंगरमाथ्यावरची दलदलीची, कुजलेल्या वनस्पतींची माती घ्या, तिच्यात चिकणमातीचे कण फारच कमी, तिथे सीझियमला अडवणारं कोणी नाही, ते मुळांतून गवतात जातं, गवतातून मेंढीत, मेंढीच्या लेंडीतून परत मातीत आणि मातीतून परत गवतात. असं चक्र.

आणि हे फक्त थिअरी नाहीये. चेर्नोबिल ब्रिटनपासून दोन हजारांवर किलोमीटर लांब, पण मे १९८६ च्या सुरुवातीला तो ढग वरून जात असताना वेल्स, कंब्रिया, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जोरदार पाऊस पडला आणि सीझियम खाली आलं. जूनमधे सरकारने मेंढ्या हलवण्यावर आणि विकण्यावर निर्बंध घातले, किलोला १,००० बेकरेलच्या वर मांस असेल तर विकायचं नाही, आणि शेतकऱ्यांना सांगितलं की तीनेक आठवड्यांचा प्रश्न आहे. हा अंदाज आला कुठून तर सखल भागातल्या चिकणमातीच्या अभ्यासातून. डोंगरावरची माती वेगळी, तिथल्या मेंढ्या कुंपणात नसतात, मोकळ्या चरतात, हे तिथल्या मेंढपाळांना चांगलं माहीत होतं पण त्यांना विचारलं कोणी! सुरुवातीला ९,००० पेक्षा जास्त फार्म आणि ४० लाखांहून जास्त मेंढ्या या निर्बंधात होत्या. मग दरवर्षी मेंढी विकायची तर मीटर लावायचा, जास्त आली तर अंगावर रंगाची खूण करायची, खाली स्वच्छ कुरणात नेऊन चारायची, काही आठवड्यांत तिच्या अंगातलं सीझियम निघून जायचं, मग विकायची. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले, तीन वर्षं झाली, आणि शेवटचे निर्बंध उठले ते २०१२ मधे. २६ वर्षं!! सीझियम तेच, ढग तोच, फक्त माती वेगळी.

नॉर्वेमधे तर आणखी वेगळा प्रकार झाला. तिथले सामी लोक रेनडियर पाळतात, रेनडियर हिवाळ्यात दगडफूल म्हणजे लायकेन खातात, आणि लायकेनला मुळंच नसतात, ते हवेतून आणि पावसातून थेट सगळं शोषतं आणि वाढायला वर्षानुवर्षं घेतं. म्हणजे मातीने अडवायचा प्रश्नच नाही, पडलेलं सगळं वरच बसलेलं, आणि हिवाळाभर प्राणी तेच खाणार. मांस लिमिटच्या कितीतरी पटींनी वर गेलं. शेवटी नोव्हेंबर १९८६ मधे नॉर्वेने रेनडियरच्या मांसाची मर्यादा किलोला ६०० वरून थेट ६,००० बेकरेल केली. पहिल्यांदा वाचलं तर वाटतं हे काय भलतंच, पण विचार करा, सामान्य नॉर्वेजियन माणूस हे मांस वर्षातून एखाद-दोनदा खातो आणि सामी समाजाचं सगळं जगणंच त्या कळपांवर आहे, कळप मारून टाकले असते तर ती संस्कृतीच संपली असती. जे लोक हे मांस रोज खातात त्यांना वेगळा सल्ला दिला गेला, आणि प्राण्यांना प्रशियन ब्लू नावाचं निळं रसायन खाऊ घातलं गेलं, जे पोटातच सीझियमला धरतं आणि शेणातून बाहेर काढतं. मला हा निर्णय योग्य वाटतो, आकडा वाढवला म्हणून नाही, तर कोण काय आणि किती खातं हे बघून ठरवला म्हणून.

जंगलाचं तर विचारूच नका. शेतात नांगरट होते, खत पडतं, पीक बाहेर जातं, जंगलात यातलं काहीच होत नाही. पानं पडतात, कुजतात, सीझियम त्या वरच्या काही सेंटिमीटरच्या पालापाचोळ्याच्या थरात फिरत राहतं, आणि बुरशीचे तंतू ते गोळा करून ठेवतात. म्हणून रानातली मशरूम बरेचदा पिकापेक्षा जास्त किरणोत्सारी निघतात. जर्मनीत बव्हेरियामधे रानडुकरं जमिनीखाली वाढणारी एक प्रकारची बुरशी उकरून खातात, विशेषतः हिवाळ्यात बाकी खायला कमी असतं तेव्हा. त्या भागातल्या हरणांच्या मांसातलं सीझियम उतरत गेलं, पण डुकरांचं काही उतरेना, लोक बुचकळ्यात पडले. २०२३ मधे एक अभ्यास आला त्यात कळलं की डुकरांतलं बरंचसं सीझियम चेर्नोबिलचं नाहीच, ते १९५०-६० च्या दशकातल्या अणुबॉम्बच्या चाचण्यांचं आहे! १९६३ मधे अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटनने हवेतल्या चाचण्या बंद करायचा करार केला, त्याला किती वर्षं झाली बघा, आणि तेव्हा पडलेलं सीझियम हळूहळू खाली सरकत आत्ता कुठे त्या बुरशीच्या खोलीपर्यंत पोचतंय.

स्ट्रॉन्शियम-९० चं थोडक्यात सांगतो. ते कॅल्शियमसारखं वागतं म्हणून हाडात आणि दातात बसतं, आणि मातीत सीझियमपेक्षा जास्त हलतं. चेर्नोबिलच्या शेजारचं पाइनचं जंगल रेडिएशनने मेलं, पानं तांबूस झाली म्हणून त्याला रेड फॉरेस्ट म्हणतात, ती झाडं पाडून तिथेच चर खणून पुरली, आणि आता त्या चरांतून स्ट्रॉन्शियम भूजलात झिरपतं. त्याच जंगलात बर्चची झाडं मात्र बरीच वाचली कारण सूचिपर्णी झाडं रेडिएशनला जास्त नाजूक असतात.

तिथे आता लांडगे आहेत, एल्क आहेत, १९९८ मधे सोडलेले प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे आहेत, आणि त्यांचे फोटो दाखवून लोक म्हणतात बघा निसर्गाने सगळं भरून काढलं. मला हे पटत नाही. माणूस गेला, शेती गेली, शिकार कमी झाली म्हणून मोठे प्राणी वाढले हे खरंच आहे, पण त्याचा अर्थ रेडिएशन निरुपद्रवी होतं असा होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किडे, पक्षी, पालापाचोळा कुजण्याचा वेग यांच्यावर परिणाम दिसतो असं सांगणारे अभ्यास आहेत आणि त्यांच्यावर शास्त्रज्ञांचे जोरदार वादही चालू आहेत. खरंतर खूप वर्षं नियमच असा होता की माणूस सुरक्षित असेल तर बाकीचे जीव आपोआप सुरक्षित, त्यांचं वेगळं मोजायची गरज नाही. रेडिएशन सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००८ मधे कुठे, ज्यांच्यावरचा परिणाम वेगळा बघायचा असे १२ संदर्भ जीव ठरवले, त्यात हरीण आहे, बेडूक आहे, मधमाशी आहे, पाइन आहे, आणि गांडूळही आहे. गांडूळ असणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते बिचारं जन्मभर त्या मातीतच असतं, त्याला बसमधे बसवून कोणी हलवत नाही.

मग साफ करता येतं का? काही प्रमाणात येतं. जपानमधे २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर शेतांचा वरचा साधारण ५ सेंटिमीटर थर खरवडून काढला, कारण सीझियम वरच अडकलेलं होतं. भातशेतीत पोटॅशचं खत वाढवलं, म्हणजे रोपाला भरपूर पोटॅशियम मिळालं की ते सीझियम कमी उचलतं, साधा उपाय आणि चांगला चालला. सूर्यफुलं लावून माती साफ होईल अशी मोठी चर्चा होती, फोटोही सुंदर आले, पण उपयोग अगदीच कमी झाला. आणि खरवडलेली माती गेली कुठे? एक कोटी घनमीटरच्या वर माती तात्पुरती साठवून ठेवलीय, कायद्याने ती २०४५ पर्यंत फुकुशिमा प्रांताच्या बाहेर न्यायचीय, घ्यायला कोण तयार होणार हा प्रश्न. डोंगरावरची जंगलं बहुतेक तशीच सोडली, वस्तीला लागून असलेला साधारण २० मीटरचा पट्टा तेवढा साफ केला, आणि ते समजण्यासारखं आहे कारण सगळ्या जंगलाची माती काढायची म्हणजे जंगलच काढायचं.

जंगल सोडून दिलं की आणखी एक भीती असते, आग. एप्रिल २०२० मधे चेर्नोबिलच्या बंद क्षेत्रात मोठे वणवे लागले आणि लाकडात, पालापाचोळ्यात बसलेलं सीझियम धुरातून परत हवेत गेलं. लांबच्या शहरांत पोचलेलं प्रमाण आरोग्याच्या दृष्टीने फार कमी होतं, पण जे अग्निशामक आत उभे होते त्यांची काळजी वेगळीच.

बरेच श्रोते म्हणतील, सीझियम १९८६ पासून ३० वर्षांत अर्धं झालंच आहे, अजून थांबलं की संपेल. सीझियमचं आणि स्ट्रॉन्शियमचं तसं होईलही. पण अणुभट्टीच्या अगदी जवळच्या भागात प्लुटोनियमही पडलंय, त्यातलं प्लुटोनियम-२४१ फक्त १४ वर्षांत अर्धं होतं, आणि ते संपताना त्याचं अमेरिशियम-२४१ बनतं, ज्याचं अर्धआयुष्य ४३२ वर्षं आहे आणि जे धुळीबरोबर श्वासात गेलं तर फुप्फुसात बसतं. म्हणजे त्या मातीत आजही एक किरणोत्सारी पदार्थ कमी न होता वाढतोय, आणि या शतकाच्या मध्यापर्यंत वाढतच राहणार आहे, त्यामुळे तिथली माती तपासायला जाणाऱ्या पुढच्या पिढीला सीझियमचा मीटर नेऊन भागणार नाही, अमेरिशियममधून निघणारे अल्फा कण मोजायची सोयही बरोबर न्यावी लागेल.

ऐकल्याबद्दल आभार. नमस्कार.