लॉकरमध्ये सापडलेले ६०,००० निगेटिव्ह: कोण होता अर्नेस्ट कोल?

नमस्कार मंडळी! आज बोलूया दक्षिण आफ्रिकेचा कृष्णवर्णीय फोटोग्राफर अर्नेस्ट कोल आणि त्याच्यावरच्या माहितीपटाबद्दल. आधी हा फोटो नीट बघा.

[फोटो स्क्रीनवर]

दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत भरतीला आलेले कामगार. भिंतीकडे तोंड, हात वर, अंगावर चिंधीसुद्धा नाही. म्हणे वैद्यकीय तपासणी चाललीय! अर्नेस्ट कोलने हा फोटो चोरून काढला, खाऊच्या कागदी पिशवीत कॅमेरा लपवून.

पण कॅमेरा लपवणं सोपं होतं. खरी अडचण होती पासची, म्हणजे सरकारी परवान्याची. वर्णभेदाच्या राजवटीत कृष्णवर्णीय माणसाला पासशिवाय शहरात फिरायची सोय नव्हती. सापडला की बेड्या. मग या पठ्ठ्याने काय करावं? आडनावाचं स्पेलिंग बदललं आणि सरकारदरबारी स्वतःची नोंद ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, अशी करून घेतली. सरकारनेच माणसांचे कप्पे पाडलेले, हा एका कप्प्यातून उठून दुसऱ्यात जाऊन बसला!

१९६६ मध्ये त्याने देश सोडला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘हाउस ऑफ बाँडेज’ हे त्याचं फोटोंचं पुस्तक आलं. दक्षिण आफ्रिकेत लगेच बंदी. परतीचा रस्ता बंद.

दिग्दर्शक राऊल पेकचा २०२४ चा माहितीपट ‘अर्नेस्ट कोल: लॉस्ट अँड फाउंड’ मला इथून पुढे जास्त भावला. फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर कोल अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जगणं टिपायला निघाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हातात हात घालून चाललेली कृष्णवर्णीय-गोरी मिश्र जोडपी दिसली की कॅमेरा तिकडे वळायचा. साहजिकच आहे, त्याच्या देशात तो गुन्हा होता! पण अमेरिकेच्या दक्षिणेत गेल्यावर तिथेही जिवाची भीती. हळूहळू कॅमेरा सुटला, घर सुटलं, रस्त्यावर दिवस काढायची पाळी आली. १९९० च्या फेब्रुवारीत मंडेला सुटले आणि आठवड्याभरात न्यूयॉर्कमध्ये कोल गेला. वय ४९.

एक तक्रार आहे. निवेदन पहिल्या पुरुषात आहे, आवाज अभिनेता लाकीथ स्टॅनफिल्डचा. ऐकायला जबरदस्त, पण कोलचे शब्द कुठे संपतात आणि पेकचे कुठे सुरू होतात, कळत नाही.

आणि तो लॉकर? २०१७ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत साठेक हजार निगेटिव्ह निघाले. ठेवले कोणी? इतकी वर्षं भाडं भरलं कोणी? घरच्यांनी विचारलं, बँकेकडून धड उत्तर नाही. पेकने हा भाग थोडक्यात आटोपलाय. मी म्हणतो, यावर वेगळा माहितीपट काढा ना राव!