हजेरीपटावरचं मूल कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, धारूर, वडवणी, केज या भागातल्या वाड्यावस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ऊसतोडीसाठी आधीच घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, धरली जाते. भांडी, गोधड्या, पत्रे ट्रॅक्टरवर चढतात आणि टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या, काही तर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. ज्यांना घरी सांभाळायला कुणी नाही, ती पोरंही सोबत जातात. हंगाम संपवून माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे दिवाळीनंतरचं शाळेचं दुसरं सत्र या मुलांच्या हातून जवळजवळ पूर्ण निसटतं.

प्राथमिक शाळेच्या दर्जाबद्दल आज बोलायचं आहे आणि मी या मुलांपासूनच सुरुवात करतो आहे. चांगली शाळा कोणती, असं विचारलं की लोक इमारत सांगतात, डिजिटल फळा सांगतात, शिष्यवृत्तीत किती मुलं आली ते सांगतात. या गोष्टी असाव्यात, माझी काही हरकत नाही. पण मी आधी हजेरीपट मागेन. एखादं मूल सलग तीन दिवस आलं नाही, तर त्याच्या घरी कोण जातं, हे विचारेन.

उसाच्या फडावरून परतलेली तिसरीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. वर्ग एका सुरात धडा म्हणत असतो, तेव्हा तीही ओठ हलवत असते. लांबून पाहिलं तर वाटतं, वाचते आहे की! जवळ जाऊन बसलं की कळतं, तिचं बोट एका ओळीवर आहे आणि नजर शेजारणीच्या तोंडाकडे. साधी अक्षरं ती ओळखते. जोडाक्षर आलं की थांबते, शेजारणीनं शब्द उच्चारला की मागोमाग म्हणते. हे ज्या बाईंना दिसलं, त्या तिला रोज पंधरा-वीस मिनिटं वेगळं घेऊन बसतील. ज्यांना दिसलं नाही, त्यांच्या नोंदीत ती वाचणाऱ्यांत जमा होईल आणि चौथीत, पाचवीत तशीच ओठ हलवत राहील. शिकवण्याचा दर्जा मला इथे दिसतो, आणि मुलाची काळजी घेणं यापासून वेगळं काढता येत नाही.

दुसरी एक गोष्ट सांगतो. आजीजवळ राहिलेल्या मुली बऱ्याचदा धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येतात. कुणी म्हणतं, "त्याला घरी ठेवून ये." घरी ठेवायला कुणी असतं तर तिनं आणला असता का? ती त्याला घेऊन परत जाते आणि दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. समजूतदार गुरुजी शेजारच्या अंगणवाडीताईंशी बोलून घेतात, धाकट्याची तिथे सोय लावतात, आणि ती मुलगी वर्गात बसते. याला ना निधी लागतो, ना वरून परिपत्रक यावं लागतं.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाकडेही असंच पाहायला हवं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. आईवडील फडावर असलेल्या मुलासाठी हे कित्येकदा दिवसातलं सगळ्यात भरभक्कम जेवण असतं. तेव्हा खिचडीत डाळ किती पडते आहे, हे आयाबायांनी अधूनमधून शाळेत जाऊन स्वतः पाहावं. तो त्यांचा अधिकारच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. कित्येक गावांत मात्र या बायकांची ओळख सहीपुरतीच आहे. याचं मला फार वाईट वाटतं, कारण मुलं उपाशी आहेत की जेवली, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

गावातच मुलं थांबावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबांकडे राहायचं, शाळेत शिकायचं आणि जेवणाची सोय हंगामभर व्हायची. माझ्या मते यापेक्षा चांगला उपाय नाही; लेकराचं गाव सुटत नाही, शाळा सुटत नाही. पण हे टोळ्या निघण्याआधी सुरू व्हायला हवं. नंतर सुरू झालं तर काय उपयोग? तोवर मूल ट्रॉलीत बसून गेलेलं असतं.

जी मुलं गेलीच, त्यांच्यासाठी कारखान्याजवळच्या शाळांतल्या शिक्षकांना हात जोडून विनंती आहे. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला, या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असं त्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. मूल वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला त्याला खास शिकवायचं, हे कलम 4 सांगतं. कोपीवरची, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांतली, पोरं दिसली तर कागदपत्रांची वाट न पाहता त्यांना आत घ्या.

आणि गावाकडच्या समिती सदस्यांना एवढंच सांगतो: दिवाळीच्या सुट्टीआधी बैठक बोलवा. पट समोर ठेवा, एकेक नाव मोठ्यानं वाचा. कोण जाणार, कोण थांबणार, थांबणाऱ्याला संध्याकाळी कोण जेवू घालणार, हे प्रत्येक नावापुढे त्याच बैठकीत लिहून घ्या.

नमस्कार.