यादवकाळातला खून आणि चौकशी करणारी बाई

(नाशिकमधील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मध्ययुगीन रहस्यकादंबरीत तपास करणारी बाई कशी असावी, आणि ती आपल्या मातीतली कशी असेल, हा आजचा विषय. शेवटी एका ताम्रपटाबद्दल बोलायचं आहे. खरं तर तेच मुख्य आहे. ते राहून जातंय असं वाटलं तर मला थांबवा.

आधी हात वर करा. सिन्नरचं गोंदेश्वर किती जणांनी पाहिलंय? वा, जवळजवळ सगळ्यांनी. आता, भर दुपारी सभामंडपात दहा मिनिटं नुसतं कोण बसलंय? बघा, हात खाली आले. फोटो काढले आणि मिसळ खायला पळालात! (हशा)

एकदा बसाच. बाहेर कडक ऊन असतं, त्यामुळे आत शिरल्यावर खांबावरची शिल्पंसुद्धा हळूहळू दिसायला लागतात. दारातून येणारा माणूस तुम्हाला लख्ख दिसतो, त्याला मात्र तुम्ही दिसत नाही. साक्षीदार बसवायला याहून चांगली जागा कुठली? एका जोत्यावर पाच देवळं, मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, गणपती आणि पार्वती. यादवांची सत्ता याच मुलखात वाढली आणि मग देवगिरीला गेली. रहस्यकथेसाठी परदेशी मठ आणि धुकं शोधत बसण्याची आपल्याला गरजच नाही.

आणि गुन्हे? १२७१च्या सुमारास महादेव यादव हा राजा वारला, त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. चुलतभाऊ रामचंद्र खेळे करणाऱ्या मंडळींच्या वेषात माणसं घेऊन देवगिरीवर शिरला, असं सांगतात. नाच रंगला, आमण पाहण्यात गुंगला, आणि त्याच नाचणाऱ्यांनी त्याला धरलं. पुढे त्याचे डोळे काढले. मला सांगा, हे प्रकरण रचायला माझी काय गरज?

तर मी अशी कादंबरी लिहायला घेतली. पहिली प्रकरणं एका प्रकाशकांना दिली. नाव घेत नाही. त्यांनी मन लावून वाचली, आणि म्हणाले, "बाई, तेराव्या शतकातली विधवा गावोगाव फिरून चौकशी करते, हे वाचकाला पटायचं नाही. तिला राणी करा. नाहीतर नायकाची बहीण करा, तो शोधेल, ती मदत करेल." नकार येतात, त्याचं काही नाही. पण हे वाक्य मला आजही सलतं. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत बाई ओवाळते, सती जाते, पडद्याआडून रडते, फार तर घोड्यावर बसते. चौकशी करत नाही. आणि हे कुठल्या भाषेत? जिच्या पहिल्या मोठ्या गद्यचरित्रात विधवा बायका पानोपानी प्रश्न विचारत फिरतात, त्या भाषेत!

लीळाचरित्र उघडा, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचं चरित्र. माहादाइसा भेटेल. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांची चुलतबहीण, तरुणपणी विधवा झालेली, धवळे म्हणजे लग्नगीतं रचणारी आपली आद्य कवयित्री. चक्रधरस्वामींबरोबर ती पायी हिंडते, त्यांच्यामागे रिद्धिपूरला जाऊन त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहते. आणि सारखी विचारते. हे असं का, ते तसं कसं. स्वामी तिला कधी रागावतात, पण तिच्या या पुसण्याचं कौतुकही करतात. अहो, बाराव्या शतकात इटलीतल्या सालेर्नोत त्रोता नावाची वैद्य होऊन गेली, म्हणून तिकडच्या लेखकाला शवपरीक्षा करणारी नायिका सुचते. आपल्याकडे माहादाइसा आहे, आणि आपण म्हणतो, पटायचं नाही!

हा ग्रंथ तयार कसा झाला, तेही ऐका. तो लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी माणसांना गाठून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोन्ही पाठ ठेवले, अमक्याची वासना, म्हणजे आठवणीतला पाठ, अशी, तमक्याची अशी. पुढे मूळ पोथी हरवली, तेव्हा पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा उभा करणाऱ्यांत हिराइसा होती. साक्षी नोंदवायच्या, विसंगती लपवायची नाही. याला तपास नाही तर काय म्हणायचं?

चिठ्ठी आलीय. पाचच मिनिटं? बरं, मग भराभर सांगते.

माझ्या नायिकेला पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, कारण ती माजघरात जाते. बाळंतिणीच्या खोलीत, मेलेल्या बाईला अंघोळ घालतात तिथे, घाटावर. अधिकाऱ्याला यातलं काहीच खुलं नाही. आता ताम्रपट. गावची जमीन कुणाची, यावरून खून झालाय. एकजण ताम्रपट पुढे करतो, की राजाने सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी ही जमीन आपल्या आज्याला दान दिली. दानं ग्रहणात, संक्रांतीला देत, तेव्हा संशय यायला जागा नाही. अक्षरं नीट, सूर्य-चंद्र कोरलेले, शेवटी शापवचन. सभेतले पंडित माना डोलावतात.

ही बाई तिथी ऐकते आणि म्हणते, त्या अमावास्येला आमच्याकडे ग्रहण नव्हतं. कशावरून? तिची जाऊ तेव्हा नवव्या महिन्यात होती आणि दिवसभर अंगणात बसून भाजी चिरत होती. ग्रहण असतं तर सासूने तिला खोलीबाहेर पडू दिलं असतं का? विळीला हात लावू दिला असता का? वेध पाळले नाहीत, शिजलेलं अन्न टाकलं नाही, नदीवर स्नानाला कुणी गेलं नाही. घरातल्या चार बायका हेच सांगतात, वेगवेगळ्या बसवून विचारलं तरी.

हे हवेतलं नाही. तिथी-वार जुळतात का, ग्रहण खरंच होतं का, हे गणित मांडून अभ्यासक आजही ताम्रपट तपासतात, आणि बनावट ताम्रपट खरोखरच सापडलेले आहेत. मी ते गणित एका बाईच्या स्मरणात ठेवलं, इतकंच. व्रतांची, वेधांची, विटाळाची मोजदाद तिच्याकडे होती. त्या घरातली दिनदर्शिका तीच होती.

ताम्रपट खोटा ठरतो. कोरणारा कोण, हे कळायला ती त्र्यंबकच्या वाटेने एका कासाराच्या घरी जाते. ती गेल्यावर घरात कासार नसतो, त्याची सून असते. ते प्रकरण सध्या लिहितेय.