पांडवलेण्यांचा उतार आणि कोलेस्टेरॉलची गोळी

(दृश्य: पहाट, नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाचा जॉगिंग ट्रॅक)

रात्री जेवण झालं की एक गोळी, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे स्टॅटिन गटातलं औषध. यकृतात तयार होणारं कोलेस्टेरॉल ती कमी करते. ही गोळी चालू असताना व्यायाम करावा का? करावाच. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालावं. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे.

(दृश्य: पांडवलेण्यांच्या पायऱ्या, उतरणारे पाय)

चढताना दम लागतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष चढणीकडे असतं. स्नायूंना खरा मार बसतो तो उतरताना. प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू अंगाचा भार पेलत, आवळलेला असतानाच ताणला जातो. त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंमधून रक्तात येणारं एक एन्झाइम, वाढतं. हे कुणालाही होतं. स्टॅटिन घेणाऱ्याला जरा जास्त होऊ शकतं.

म्हणून गोळी नुकतीच सुरू झाली असेल किंवा डोस वाढला असेल, तर लगेच अंजनेरी-ब्रह्मगिरीचे डोंगर चढण्याचा बेत नको. आधी गोदापार्कला सपाटीवर 20 मिनिटं चाला, दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा. मग पायऱ्या, त्याही निम्म्यापर्यंत जाऊन परत. उतरताना पाय आपटू नका. पाणी जवळ ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या आत घरी या.

व्यायामाचं दुखणं बहुधा दुसऱ्या दिवशी जाणवतं, जो स्नायू राबला तोच दुखतो आणि चार-पाच दिवसांत ओसरतं. गोळीचं दुखणं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखं असतं. मांड्या, पोटऱ्या, खांदे ठणकतात आणि विश्रांती घेऊनही ते रेंगाळतं. हात न टेकता खुर्चीतून उठता येईनासं झालं, तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र मनानं सोडू नका, स्टेंट बसलेल्यांनी तर मुळीच नाही. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं. थायरॉइडही तपासावं लागतं, कारण ते कमी पडलं तरी स्नायू असेच दुखतात.

(दृश्य: लॅबमध्ये रक्ताचा नमुना)

सीपीकेच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम टाळा. रविवारी ब्रह्मगिरी आणि सोमवारी रक्त, असं केलं तर आकडा चढलेला येणारच. मग चांगली लागू पडलेली गोळी विनाकारण बंद होते, याचं वाईट वाटतं. घशासाठी वगैरे डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून देत असतील, तर स्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यावर काही स्टॅटिनांचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं.

स्नायू असह्य दुखताहेत, अंगात त्राण नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होतेय, असं फार क्वचित होतं. तसं झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. तुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडं निकामी करू शकतं.